१००० सीसी गटासाठी स्टँडर्ड हेरल्ड : नागपुरातल्या एका बांधणीचं प्रकरण

गाडी १९६६ची, दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड. धंतोलीतल्या एका जुन्या घराच्या पोर्चमध्ये ती अकरा वर्षं उभी होती. मालकांना ती हौशी शर्यतींच्या ऐतिहासिक गटात उतरवायची होती. गाडी आमच्याकडे येण्याआधी एका गॅरेजने तिच्यावर वर्षभर काम केलं होतं आणि पैसाही बराच लागला होता. नियमपुस्तिका समोर ठेवून तपासणी केली तेव्हा त्या कामातलं निम्म्याहून जास्त काढून टाकावं लागेल, हे स्पष्ट झालं. काम वाईट होतं असं नाही. काही जोडण्या फार नीटस होत्या, फक्त त्या या गटात बसत नव्हत्या.

ट्रायम्फ हेरल्ड इंग्लंडमध्ये एप्रिल १९५९ मध्ये आली आणि १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटरने ती इथे बनवली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर शर्यती होत, तिथे या गाड्या फियाटच्या बरोबरीने पळाल्या आहेत. तिला मोनोकॉक बॉडी नाही. खाली वेगळी चेसिस आणि वर बोल्टने जोडलेले बॉडीचे तुकडे, अशी तिची रचना. हीच चेसिस आखूड करून १९६२ मध्ये ट्रायम्फ स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्‌स कार निघाली. त्यामुळे स्पिटफायरचे कितीतरी भाग हेरल्डला सरळ बसतात, आणि त्याच सोयीमुळे गाडी नकळत गटाबाहेरही जाते.

गटाचे नियम आणि त्यांचा अर्थ

या गटाची नियमपुस्तिका चार पानांची होती, पण सगळं वजन पहिल्याच कलमात होतं : ज्या बदलाला स्पष्ट परवानगी लिहिलेली नाही, तो बदल निषिद्ध. एफआयए ही मोटर शर्यतींची जागतिक संघटना, तिच्या नियमांतल्या परिशिष्ट जे मध्येही हेच तत्त्व आहे. आपल्याकडे नियम उलटा वाचायची सवय असते. ‘कुठे मनाई लिहिली आहे का?’ असं विचारलं जातं. इथे विचारायचं ते ‘कुठे परवानगी लिहिली आहे?’

लिहिलेल्या परवानगीतला मुख्य भाग असा होता. ब्लॉक आणि हेड त्याच मॉडेलचं, स्ट्रोक मूळचा, बोअरिंगनंतर क्षमता १००० सीसीच्या आत. कार्बोरेटर एकच, मूळ कंपनीचा आणि मूळ मापाचा, जेट मोकळे. कॉम्प्रेशन मोकळं, कॅमची उचल मूळची. सस्पेन्शनचा प्रकार आणि जोडणीच्या जागा मूळच्या. स्प्रिंगचा कडकपणा, शॉकअब आणि चाकांचा कल मोकळा. जादा स्प्रिंग नाही. ब्रेकचा प्रकार त्या वर्षीच्या मॉडेलचा, लायनिंग मोकळं. रिम मूळ रुंदीची, टायर रस्त्यावरचे. ड्रायव्हरविना आणि रिकाम्या टाकीसह वजन किमान ७६० किलो. सुरक्षिततेचं सगळं परिशिष्ट जे प्रमाणे.

आता गाडीत काय होतं ते पाहू. पुढे मारुती ८०० चे डिस्क ब्रेक, कापलेल्या फ्रंट स्प्रिंग, साडेतीन इंची रिमवर १५५/८० आर१३ टायर, मागे स्पिटफायर मार्क ४ची फिरती कमानी, आणि पाण्याच्या पाइपातून वाकवलेला रोलबार. पाचही गोष्टी बाद. कारणं मात्र प्रत्येकाची निराळी होती.

डिस्कबद्दल गॅरेजात हमखास ऐकू येतं, ‘काहून काढता जी, चांगले तं ब्रेक लागून राहिले.’ लागत होते, हे खरंच. पण हेरल्डच्या चाकाच्या बोल्टांचा वर्तुळव्यास ९५.२५ मिमी आहे आणि मारुती ८०० चा ११४.३ मिमी. हा फरक भरून काढायला हबला नव्याने भोकं पाडून मध्ये अॅडॉप्टर प्लेट बसवली होती. दोन भोकांमध्ये उरलेली धातूची भिंत एका जागी ४ मिमीच होती. नियमाचा प्रश्न नसता तरी हे हब शर्यतीत वापरण्याजोगं नव्हतं.

१५५ चे टायरही तसेच. त्यांना किमान ४ इंची रिम लागते. अरुंद रिमवर टायरची बगल आत दबते आणि वळणात टायर रिमवर लोळतो. १४५/८० आर१३ साडेतीन इंची रिमवर व्यवस्थित बसतो आणि बाजारात सहज मिळतो, कारण जुन्या वॅगन-आरला तोच माप होता. या जुन्या रिपीट मारलेल्या रिम हवा धरत नाहीत, म्हणून आत ट्यूब घातली.

नोंदणीचा पेच

इंजिन उघडण्याआधी एक निर्णय घ्यावा लागला, आणि तो बहुतेक जण उशिरा घेतात. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी गाडी ‘विंटेज’ म्हणून नोंदता येते. नंबरमध्ये ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीची ५,००० रुपये आहे. अट अशी की चेसिस, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे आरसीतल्या वर्णनाशी न जुळणारे बदल रस्त्यावर चालत नाहीत.

म्हणून ठरवलं की प्रत्येक बदल बोल्टने बसणारा आणि काढता येणारा असावा. चेसिसला एकही कायमचं भोक पाडायचं नाही, तिचा नंबर रंगाखाली झाकायचा नाही, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवायचा. शर्यतीच्या रूपात गाडी रस्त्यावर चालवायची नाही, ट्रेलरवरूनच न्यायची. या निर्णयामुळे रोलकेजचं काम अवघड झालं. ते पुढे येतं.

ब्लॉक : सहा सीसींचा हिशेब

हेरल्डच्या ९४८ सीसी इंजिनाचा बोअर ६३ मिमी आणि स्ट्रोक ७६ मिमी. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये पहिला, दुसरा आणि चौथा सिलिंडर ८.२ ते ८.५ किलोच्या दरम्यान आले, तिसरा मात्र ६.१. उघडल्यावर कळलं की ब्लॉक आधीच ४० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बोअर झालेला आहे आणि तिसऱ्या सिलिंडरमध्ये ०.०९ मिमी लंबगोलपणा आहे.

पुढचा माप ६० थाऊ. त्याने बोअर ६४.५२ मिमी होतो आणि क्षमता ९९४ सीसी. गटाच्या मर्यादेत सहा सीसी शिल्लक राहतात आणि कागदावर हे फार आकर्षक दिसतं. पण त्यानंतर दार बंद. ८० थाऊला क्षमता १०१० सीसीच्या घरात जाते, म्हणजे पुढच्या झिजेला हा ब्लॉक या गटातून कायमचा बाद. त्यात या ब्लॉकच्या भिंतींची जाडी ओतकामात सगळीकडे सारखी नसते. पातळ भिंत तापली की सिलिंडर वाकडा होतो, रिंग बसत नाही आणि तेल जळू लागतं.

म्हणून चारही सिलिंडरला लायनर घालून बोअर ६३.५१ मिमीवर, म्हणजे २० थाऊवर आणला. क्षमता ९६३ सीसी झाली. ९९४ च्या तुलनेत तीन टक्के गेले, म्हणजे या इंजिनात सव्वा अश्वशक्तीच्या आसपास. मोबदल्यात पुढच्या दोन ओव्हरसाइज हातात राहिल्या. आमच्या मते हा सौदा चांगलाच आहे. हिंगणा एमआयडीसीच्या आसपास ट्रॅक्टरच्या इंजिनांची कामं सतत चालतात, त्यामुळे लायनर दाबणारे अनुभवी हात नागपुरात मिळतात. फक्त क्रम आधी बजावून सांगावा लागतो. लायनर सुमारे ०.०५ मिमीच्या दाबाने बसतो आणि तो बसताना शेजारच्या सिलिंडरला ढकलतो. त्यामुळे आधी चारही लायनर दाबायचे, मग ब्लॉकचा माथा फेस करायचा आणि सगळ्यात शेवटी चारही बोअर करायचे. एक दाबून लगेच बोअर, मग दुसरा, असं केलं तर पहिला हमखास लंबगोल होतो.

खाली क्रँकचा पुढे-मागे खेळ डायल गेजवर ०.३८ मिमी आला. हवा ०.१० ते ०.२०. ट्रायम्फच्या या इंजिनाचं हे जुनं दुखणं आहे. मागच्या मेन बेअरिंगच्या दोन्ही बाजूंना अर्धचंद्राकृती थ्रस्ट वॉशर असतात आणि तेही फक्त ब्लॉकच्या बाजूला, कॅपमध्ये नाहीत. क्लच दाबला की क्रँक पुढे रेटला जातो आणि मागचा वॉशर झिजतो. तो पुरेसा झिजला की घरंगळून ऑइल पॅनमध्ये पडतो, आणि मग क्रँक थेट ब्लॉकच्या ओतीव लोखंडावर घासतो. तसं झालं की ब्लॉकच वाचत नाही. इथे ओव्हरसाइज वॉशर घालून खेळ ०.१२ वर आणला. वॉशरची खाचांची बाजू क्रँककडे यायला हवी. ती उलटी बसवली तर पांढरा धातू काही तासांत साफ होतो.

हेड आणि पेट्रोल

आताचं पंपावरचं पेट्रोल ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. या गाडीला त्याचे तीन प्रश्न आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या जागी सोडवावे लागतात.

पहिला प्रश्न मिश्रणाचा. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटवर मिश्रण पातळ पडतं. गाडीत ११० क्रमांकाचा मेन जेट होता. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, म्हणून ११५ घातला की भोकाचं क्षेत्रफळ नऊ टक्क्यांनी वाढतं. प्लग पाहून तोच कायम केला. दुसरा प्रश्न रबराचा : एसी कंपनीच्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम आणि सगळे होज बदलले, होज एसएई जे३० आर९ दर्जाचे घेतले. साधा काळा पेट्रोल होज वरून धडधाकट दिसतो आणि आतून सोलपटून जेट तुंबवतो. तिसरा प्रश्न पाण्याचा. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिनाभर उभी राहिली तर इथेनॉल हवेतला ओलावा घेतं आणि तळाशी वेगळा थर जमतो. शर्यतीनंतर टाकी पूर्ण रिकामी करणं हा एवढाच खात्रीचा उपाय आहे.

कॉम्प्रेशन ९ ठरवलं. चेंबरचं माप ब्युरेटने घेतलं : हेड उलटं, लेव्हलमध्ये, वर भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी ग्रीसने चिकटवलेली. गॅस्केट आणि पिस्टनवरची जागा धरून ३४.९ घनसेंमी भरले, म्हणजे गुणोत्तर ७.९. ९ साठी ३०.१ हवेत. चेंबरच्या तोंडाशी दर मिलिमीटरला २.९ घनसेंमी जातात, तेव्हा हेड १.६ मिमी कापलं आणि चारही चेंबर ०.३ घनसेंमीच्या आत सारखे केले. १० पर्यंत जाता आलं असतं. पण नागपूरच्या एप्रिलमध्ये कार्बोरेटरच्या तोंडाशी ५० अंशांची हवा येते आणि ओतीव लोखंडाचं हेड उष्णता लवकर सोडत नाही. ९५ ऑक्टेनवरही ९ च्या पुढे नॉकिंगचा धोका घ्यावासा वाटला नाही.

हेड १.६ मिमी खाली आलं की पुशरॉड तेवढे लांब ठरतात. रॉकर पेडेस्टलखाली शिम टाकणं सोपं, पण मग रॉकरचं टोक व्हॉल्व्हच्या डोक्यावर मधोमध न टेकता कडेला घासतं आणि गाइड खातं. पुशरॉडच १.६ मिमी आखूड करून घेतले. एक्झॉस्टला कडक सीट बसवल्या. शिशाचं पेट्रोल देशभरातून फेब्रुवारी २००० मध्ये गेलं आणि त्यानंतर या हेडची मूळ सीट जोराच्या वापरात व्हॉल्व्हसह खाली बसत जाते. टॅपेट थंड इंजिनावर ०.२५ मिमी.

इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असल्याने कार्बोरेटर भाजतो. त्याच्याखाली ६ मिमी हायलमचा तुकडा आणि खाली पत्र्याची ढाल, एवढ्याने उभ्या गाडीतलं पेट्रोल उकळणं थांबलं. तेल २०डब्ल्यू-५० खनिज, सपाट टॅपेटसाठी जस्त असलेलं.

पुढची बाजू

कापलेली स्प्रिंग बाद होण्याचं कारण साधं आहे. जॅकवर गाडी उचलली आणि चाक पूर्ण लोंबलं की ती सीटमध्ये सैल होत होती आणि हाताने फिरत होती. तपासणीत हेच करून पाहतात. नव्या स्प्रिंग वळवून घेतल्या.

ट्रनियनकडे मात्र जास्त वेळ द्यावा लागतो. व्हर्टिकल लिंकच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते पितळी ट्रनियनमध्ये फिरतात. स्टिअरिंग वळतं ते या आट्यांवर. एका बाजूचे आटे उजवे, दुसऱ्या बाजूचे डावे. इथे ईपी९० गिअर ऑइल घालायचं असतं. आपल्याकडे निप्पल दिसलं की ग्रीसगन लावतात. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही, पाणी आत राहतं, आट्याच्या मुळाशी गंज धरतो आणि तिथेच लिंक तुटते, बहुधा स्टिअरिंग पूर्ण वळलेलं असताना. मग चाक आडवं होऊन मडगार्डखाली जातं. या गाडीच्या दोन्ही ट्रनियनमध्ये कडक झालेलं ग्रीस निघालं. लिंकवर चिरा शोधणारी डाय टेस्ट केली : आधी क्लीनर, मग लाल डाय वीस मिनिटं, पुसून पांढरा डेव्हलपर. डाव्या लिंकवर तिसऱ्या आट्याच्या मुळाशी केसासारखी लाल रेघ उमटली. दोन्ही लिंक बदलल्या.

पुढच्या चाकांना एक अंश निगेटिव्ह कल दिला. त्यासाठी खालच्या विशबोनच्या ब्रॅकेटमागे शिम वाढवायचे. खालचं टोक बाहेर गेलं की चाकाचा माथा आत झुकतो. त्यानंतर टो-इन (चाकांची पुढची कड किती आत वळलेली आहे ते) पुन्हा लावावा लागतो, तो विसरला तर टायर एका दिवसात जातो.

ब्रेक मूळचे आठ इंची ड्रमच. शू ड्रमच्या गोलाईला घासून घेतले, म्हणजे लायनिंग सबंध टेकतं. नुसत्या मधल्या भागावर टेकलं तर तिथेच तापून गुळगुळीत होतं. द्रव डॉट ४, प्रत्येक शर्यतीआधी नवा. कोरड्या डॉट ४चा किमान उकळबिंदू २३० अंश असतो आणि पाणी शोषल्यावर तो १५५ वर येतो. डिस्कइतका दम या ब्रेकमध्ये येणार नाही. ४५ अश्वशक्तीच्या गाडीला तीन-चार फेऱ्यांनंतर ब्रेकिंगची जागा दहा मीटर अलीकडे घ्यावी लागते, एवढाच फरक.

मागचा अॅक्सल : सगळ्यात जास्त वेळ इथे

हेरल्डच्या मागे स्विंग अॅक्सल आहे. डिफरन्शियल चेसिसला पक्कं, त्यावर आडवी कमानी, आणि दोन्ही बाजूंना चाकापर्यंत जाणारे हाफशाफ्ट. प्रत्येक हाफशाफ्टला आतल्या बाजूला एकच क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) आहे, त्यामुळे चाक त्या क्रॉसभोवती पंख्यासारखं वरखाली होतं आणि दर वेळी त्याचा कल बदलतो. जोराच्या वळणात पाय उचलला की गाडीचा मागचा भाग वर येतो, बाहेरचं चाक आत दुमडतं, टायर कडेवर उभा राहतो आणि मागची बाजू एकदम सुटते. हे हळूहळू होत नाही. पूर्वसूचना मिळत नाही, म्हणूनच या अॅक्सलला घाबरून राहावं.

ट्रायम्फने १९७० मध्ये स्पिटफायर मार्क ४ला फिरती कमानी दिली, ती याच दोषावरचा इलाज होती. तांत्रिकदृष्ट्या ती उत्तम आहे. पण १९६६ च्या हेरल्डवर ती नव्हती आणि परवानगी लिहिलेली नव्हती. काढली. डिफरन्शियल आणि कमानी यांच्यामध्ये ठोकळा घालून गाडी खाली बसवण्याची जुनी पद्धत आहे, पण ‘जोडणीच्या जागा मूळच्या’ या शब्दांत ती अडकू शकते. जी गोष्ट तपासनीसाच्या मर्जीवर सोडावी लागते ती न करणं बरं.

उरला तो मार्ग म्हणजे मूळ कमानीचीच गोलाई कमी करणं. स्प्रिंगचा कडकपणा आणि चाकांचा कल नियमात मोकळा होता. हिशेब असा केला : क्रॉसपासून चाकापर्यंतचं अंतर साधारण अर्धा मीटर, म्हणजे कलाच्या एका अंशाला चाकाशी ९ मिमी. गाडी उभी असताना मागची चाकं दीड अंश पॉझिटिव्ह होती, हवी दोन अंश निगेटिव्ह. साडेतीन अंश म्हणजे ३१ मिमी. वाडीला ट्रकांच्या कमानीची दुकानं आहेत, तिथे पट्ट्या सुट्या करून थंड अवस्थेतच प्रेसवर बसवल्या. भट्टीत तापवून हातोडीने ठोकणं ट्रकला चालून जातं. इथे पाणी नीट चढलं नाही तर कमानी महिनाभरात बसते. पहिल्या खेपेला डावी-उजवी बाजू ७ मिमीने वेगळी आली आणि काम परत करावं लागलं. पट्ट्यांच्या टोकांमधले रबरी ठोकळे नवे घातले. ते नसतील तर पट्ट्या एकमेकींना धरून ठेवतात आणि कमानी झटक्याने चालते.

कल मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सपाट फरशीवर गाडी, ड्रायव्हरच्या वजनाइतकी पोती सीटवर, पुढेमागे ढकलून सस्पेन्शन बसवलेलं, आणि चाकाशी ओळंबा. रिमच्या कडेचा व्यास ३५५ मिमी. ओळंब्यापासून वरच्या आणि खालच्या कडेच्या अंतरात १२ मिमी फरक आला की दोन अंश झाले.

चाक खाली लोंबण्याला मर्यादा घालणारा पट्टाही हवा होता, कारण दुमडणं तिथेच सुरू होतं. पट्टा म्हणजे जादा स्प्रिंग नाही. पण परवानगीही लिहिलेली नव्हती. आयोजकांना चित्रासह पत्र पाठवलं, त्यांनी लेखी होकार दिला, आणि ते पत्र गाडीच्या फाइलमध्ये लागलं. ५० मिमी रुंद नायलॉनचा पट्टा एक अंश पॉझिटिव्हच्या पुढे चाक जाऊ देत नाही. अशी शंका असेल तर तोंडी होकारावर विसंबू नये. फोनवर हो म्हणणारा माणूस तपासणीच्या दिवशी तिथे नसतो.

हाफशाफ्टचं बाहेरचं टोक निमुळतं असून हब त्यावर किल्लीने बसतं. शाफ्ट बाहेरच्या बाजूला तुटला तर चाक हबसकट निघून जातं, कारण त्याला धरणारं दुसरं काही नाही. हब काढायला खास पुलर लागतो. हातोडीने ठोकून काढलं तर शाफ्टचे आटे पसरतात आणि किल्लीच्या खाचेत चीर जाते. दोन्ही शाफ्टवर डाय टेस्ट झाली, दोन्ही स्वच्छ निघाले. निमुळता भाग निळा रंग लावून हबशी घासून बसवला.

मागचा दात, म्हणजे डिफरन्शियलचं गुणोत्तर, ४.८७५ चा आहे. हेरल्ड १२०० चा ४.११ घालण्याचा मोह अनेकांना होतो. ६००० आरपीएमला आताच्या दातावर आणि १४५ च्या टायरवर वेग १२६ किलोमीटर येतो. या गाडीची ताकद तेवढीच आहे. लांब दात घातला तर ती टॉप गिअरमध्ये ओढणारच नाही.

रोलकेज

आधीचा रोलबार दीड इंची पाण्याच्या पाइपचा होता. परिशिष्ट जे प्रमाणे मुख्य कमान ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमी, बाकीच्या नळ्या ३८ × २.५ किंवा ४० × २.० मिमी, पोलाद कोल्ड ड्रॉन सीमलेस, ताणशक्ती किमान ३५० न्यूटन प्रति चौरस मिमी. बाजारात सीमलेस म्हणून ईआरडब्ल्यू, म्हणजे लांबीने वेल्ड केलेला, पाइप सर्रास मिळतो. ओळखायला नळीचं टोक पॉलिश करून त्यावर पातळ नायट्रिक आम्ल लावायचं. वेल्डची रेघ वेगळ्या रंगात उठते. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट घेऊनच माल घ्यावा, तेही फाइलमध्ये लागतं.

वाकवण्याची त्रिज्या नळीच्या मध्यरेषेवर व्यासाच्या तिप्पट, म्हणजे इथे १३५ मिमीहून कमी नको, आणि वाकलेल्या जागी लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पट तरी राहिला पाहिजे. वाळू भरून प्रेसवर वाकवलेली पहिली कमान ०.८४ आली. ती सरळ भंगारात गेली. मँड्रेल (नळीला आतून आधार देणारा दांडा) असलेल्या बेंडरवर दुसरी केली.

खरा प्रश्न पायांचा होता. हेरल्डचा फ्लोअर पातळ पत्र्याचा, आणि बॉडी तुकड्यांत. कमानींच्या प्रत्येक पायाखाली किमान १२० चौरस सेंमीची आणि ३ मिमी जाडीची प्लेट आणि किमान तीन एम८, ८.८ ग्रेडचे बोल्ट लागतात. एवढं करूनही गाडी उलटली तर फ्लोअर चेसिसपासून वेगळा होऊ शकतो. चेसिसला तर भोक पाडायचं नव्हतं. शेवटी बॉडी ज्या बोल्टांनी आउटरिगरला (चेसिसच्या बाजूला निघालेल्या हातांना) बसते त्याच जागा वापरल्या : आउटरिगरभोवती बसणाऱ्या ६ मिमीच्या शिकंज्या (क्लॅम्प), मूळ बोल्टच्या भोकातून लांब बोल्ट, आणि शिकंजीवर केजची प्लेट. त्याआधी आउटरिगर ठोकून पाहिले. उजवा मागचा आतून कुजलेला निघाला, तो त्याच मापाचा नवा बनवून वेल्ड केला. हे दुरुस्तीत मोडतं, फेरफारात नाही. तरी आधीचे-नंतरचे फोटो ठेवले.

केजचं वजन ३७ किलो भरलं. मुख्य कमान मीटरला २.६ किलो, बाकी नळी १.९ किलो, आणि उरलेलं प्लेटांचं.

सीटबेल्टचे पट्टे खांद्यामागे खालच्या दिशेला जास्तीत जास्त ४५ अंशांत हवेत. पेट्रोलची टाकी हेरल्डच्या डिकीत आहे आणि मधे फक्त पुठ्ठ्यासारखा बोर्ड. तिथे अॅल्युमिनियमचा अखंड पत्रा रिपीट मारून बसवला आणि फटी अग्निरोधक सीलंटने भरल्या.

वीज, वजन, पाणी

आधीच्या गॅरेजने डायनामोऐवजी अल्टरनेटर बसवला होता आणि तो नियमात चालत होता. बॅटरी कटऑफ स्विच मात्र दोन टर्मिनलचा होता. तो फिरवला की बॅटरी तुटते, पण अल्टरनेटर कॉइलला वीज देत राहतो आणि इंजिन चालूच. सहा टर्मिनलचा स्विच लागतो : दोन जाड बॅटरीचे, दोन कॉइलचे, आणि दोन रेझिस्टरचे, ज्यातून अल्टरनेटरची उरलेली वीज जमिनीत जाते. बाहेरचा खटका पांढऱ्या कडेच्या निळ्या त्रिकोणात लाल ठिणगीच्या चिन्हाने दाखवायचा, त्रिकोणाचा पाया किमान १२ सेंमी.

वजन कळमन्याच्या धरमकाट्यावर केलं. तिथला काटा दहा-दहा किलोंनी सरकतो. ७६० च्या किमान मर्यादेला काट्यावर ७६० दिसलं तर खरं वजन ७५५ ही असू शकतं. म्हणून मागची सीट, गालिचे, हीटर काढूनही ७८० वर थांबलो. २ किलोचं अग्निशामक आणि केज त्यात धरून.

पाणी ४१ अंशांच्या दुपारी १०४ वर गेलं. रेडिएटर आधीच तीन ओळींचा पितळी करून घेतला होता. दोष त्याचा नव्हता, हवा त्याच्या बगलेने निसटत होती. दोन्ही बाजूंना पत्र्याच्या बगला आणि बॉनेटला रबराची पट्टी लावल्यावर तापमान ९४ वर थांबलं. कूलंटमध्ये ग्लायकॉल चालत नाही, कारण सांडला तर ट्रॅक निसरडा होतो. डिस्टिल्ड वॉटर आणि गंजरोधक घातलं. इंजिनाच्या ब्रीदरला दोन लिटरचा कॅच टँक, म्हणजे बाहेर येणारं तेल धरणारा डबा.

चाचणी आणि तपासणी

बुटीबोरीच्या एका कारखान्याच्या बंद आवारात परवानगी घेऊन ४० मीटर व्यासाचं वर्तुळ शंकू मांडून आखलं. वेग हळूहळू वाढवत मुद्दाम पाय उचलून पाहिला. जुन्या उंचीवर जिथे मागचं चाक दुमडायचं, तिथे आता गाडी आधी पुढून घसरते आणि मग सरळ होते. डाव्या वळणात मात्र मागचा पट्टा लवकर ताणला जात होता. शॉकअबची खालची बुश आखूड बसली होती, ती बदलली.

चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक नागपूरहून सुमारे अकराशे किलोमीटर आहे. तिथे रविवारी सकाळी तपासणीत अडकलं तर काहीही मिळत नाही. म्हणून निघण्याआधी तीन आठवडे नागपुरातच, बांधणीशी संबंध नसलेल्या माणसाकडून पूर्ण तपासणी करून घेतली. तीन गोष्टी निघाल्या : सीटबेल्टवरची मुदत त्याच वर्षाअखेर संपत होती, मागचा टोइंग हुक काळा रंगवलेला होता, तो लाल, पिवळा किंवा नारिंगी लागतो, आणि बॉनेट पुढे उघडणारं असूनही फक्त मूळच्या बाजूच्या कड्यांवर होतं, त्याला दोन जादा पिना लावल्या. ट्रॅकवरची तपासणी वीस मिनिटांत झाली. मागच्या चाकांच्या पट्ट्याबद्दल विचारलं गेलं, पत्र दाखवलं.

परत आल्यावर टाकी रिकामी केली, तेल काढून चुंबकावरचा कचरा पाहिला, हब काढून हाफशाफ्टवर पुन्हा डाय टेस्ट केली. हे आता इंजिनाच्या दर दहा तासांनी करायचं ठरलं आहे. क्रँकचा खेळ ०.१४ आला, निघताना ०.१२ होता. ट्रनियनमध्ये ईपी९० घातलं.